लिओपोल्ड कुटुंबाची शिकार आणि गाविलानचं खोरं

1937 सालच्या डिसेंबरमध्ये मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या डोंगरात तीन जण हरणांच्या शिकारीला गेले. दोघं भाऊ, आणि त्यातल्या थोरल्याचा चोवीस वर्षांचा मुलगा. थोरला भाऊ म्हणजे आल्डो लिओपोल्ड, वय वर्षं पन्नास, विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक. धाकटा कार्ल, आयोवात घरचा टेबलं बनवायचा कारखाना सांभाळणारा. आणि मुलगा स्टार्कर. सोबत सामानाची जनावरं, तंबू, पीठ, कॉफी. म्हणजे वरवर पाहता एक साधी कौटुंबिक सहल. आपल्याकडे मामा-भाचे गडावर जातात तशी.

आता तुम्ही म्हणाल की कुणीतरी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी हरणं मारायला गेलं होतं, त्याचं आम्ही काय करायचं? बरोबर आहे. पण ही सहल आणि तिच्या आदल्या वर्षी त्याच खोऱ्यात झालेली दुसरी एक सहल, या दोन्हींतून त्या माणसाच्या डोक्यात जे काही उलटंपालटं झालं, त्यावर आज अर्धी 'इकॉलॉजी' उभी आहे. गंमत म्हणजे तो ज्याबद्दल बोलत होता त्या नुकसानात त्याचा स्वतःचा हात होता, आणि ते कबूल करायला त्याने बराच वेळ घेतला. ही गोष्ट मला त्यासाठी आवडते. संतचरित्रं आपल्याकडे काही कमी नाहीत.

तर सुरुवातीपासून.

आल्डोचा जन्म 1887 चा, आयोवातल्या बर्लिंग्टन गावचा, मिसिसिपी नदीच्या काठचा. वडील (त्यांचंही नाव कार्लच) पक्के शिकारी, पण वेगळ्या जातीचे. कायद्याने बंदी येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले होते. किती पक्षी मारायचे याची मर्यादा, आणि वसंतात, म्हणजे विणीच्या हंगामात, बदकांवर बंदूक उचलायची नाही. मुलं त्यांच्याबरोबर दलदलीत हिंडून शिकली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्या डोक्यात शिकारी म्हटलं की एकतर संस्थानिक येतात, पायाखाली मेलेला वाघ वगैरे, नाहीतर हिंदी सिनेमातला नट आणि काळवीट. अमेरिकेत शिकार ही फार मोठ्या प्रमाणावर मध्यमवर्गीय घरगुती गोष्ट आहे, आणि बापाकडून मुलाकडे जाते.

मी फिनिक्सला ऑनसाईट होतो तेव्हा आमच्या टीममधल्या एकाने रिलीजच्या ऐन आठवड्यात सुट्टी टाकली. मॅनेजरने एक शब्द काढला नाही. कारण विचारलं तर म्हणे, "टॅग लागला." ॲरिझोनात हरीण मारायचं तर लॉटरीसारखी सोडत असते, आणि त्याला 12-ए विभागाचा, म्हणजे काइबाबचा, टॅग लागला होता. लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात म्हणे त्याच्यासाठी. मुलीला घेऊन जाणार होता. मुलगी अकरा वर्षांची. तिथे दहाव्या वर्षापासून, ठरलेला कोर्स केला की, मोठ्या जनावराची शिकार करता येते. मी शाकाहारी घरातला, आमच्याकडे झुरळसुद्धा सुपलीवरून बाहेर नेतात. मला ते सगळं पचायला जड गेलं. पण त्याच्याशी बोलताना कळलं की त्या डोंगरावर कुठलं गवत कधी येतं, पाऊस किती झाला, हरणं कुठल्या उतारावर असतील, हे त्याला जेवढं माहीत आहे तेवढं मला माझ्या गावच्या रानाबद्दल माहीत नाही. लिओपोल्ड वाचायला घेतला तो त्यानंतर. असो, हे विषयांतर झालं.

आल्डोने येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदवी घेतली आणि 1909 साली तो अमेरिकन वनखात्यात रुजू झाला. पोस्टिंग कुठे, तर ॲरिझोनाच्या पूर्वेकडच्या अपाचे राष्ट्रीय वनात. ॲरिझोना तेव्हा राज्यसुद्धा नव्हतं, नुसता 'प्रांत' होता. वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थानचे वाळूचे ढीग आठवतात. इथलं तसं नाही. खाली निवडुंगाचं कोरडं रान, आणि त्यातून वर उठलेले आठ-दहा हजार फुटांचे डोंगर. जसजसं वर जावं तसतसं झाडोरा बदलतो, आधी खुरटे ओक, मग पाइन, मग स्प्रूस. अवतीभवती वाळवंट आणि मध्ये हिरवा डोंगर, म्हणून तिथले लोक अशा डोंगरांना 'आकाशातली बेटं' म्हणतात. हरणं, लांडगे, प्यूमा, अस्वलं, सगळी या बेटांवर.

तिथे नोकरीच्या पहिल्याच वर्षी, बावीस वर्षांच्या आल्डोने आणि त्याच्या सोबत्यांनी ब्लॅक रिव्हरच्या वरच्या कड्यावरून खाली नदी ओलांडणाऱ्या लांडगीवर आणि तिच्या पिल्लांवर गोळ्या झाडल्या. त्या काळी लांडगा दिसला आणि सोडला असं कुणी करतच नसे. हा प्रसंग त्याने पुढे पस्तीस वर्षांनी लिहिला. मरणाऱ्या लांडगीच्या डोळ्यातली हिरवी आग विझताना त्याने पाहिली, वगैरे. पण त्या वेळी घरी लिहिलेल्या पत्रात काय आहे माहीत आहे? दोन लांडगे मारले, एवढा जाता जाता उल्लेख. बाकी पत्र इतर गोष्टींचं. म्हणजे डोळ्यातली आग वगैरे तेव्हा काही जाणवलं असेल तर त्याचा पत्रात पत्ता नाही. मला हे फार खरं वाटतं. माणसाला अशा गोष्टींचा अर्थ त्याच दिवशी लागतो, असं फक्त सिनेमात होतं.

पुढची दहा-पंधरा वर्षं तर आल्डो लांडग्यांच्या विरोधात आघाडीवर होता. 1912 साली त्याचं एस्टेला बर्जेरशी लग्न झालं. ती सांता फेची, आणि तिच्या आईचं घराणं न्यू मेक्सिकोतल्या बड्या मेंढपाळ घराण्यांपैकी. 1913 मध्ये तो ऐन वादळात रानात अडकला आणि मूत्रपिंडाच्या विकाराने मरता मरता वाचला. वर्षाहून जास्त काळ अंथरुणावर. त्याच वर्षी स्टार्करचा जन्म. बरा झाल्यावर त्याने शिकारी लोकांच्या संघटना उभारायला घेतल्या. हरणं कमी होत होती, आणि ती वाढावीत म्हणून त्याचे उपाय असे: शिकारीचे नियम कडक पाळा, राखीव जंगलं करा, आणि लांडगे-प्यूमा संपवा. 'कमी करा' नव्हे, संपवा. न्यू मेक्सिकोतला शेवटचा लांडगा आणि शेवटचा प्यूमा मरेपर्यंत हे काम पूर्ण झालं असं म्हणता येणार नाही, अशा अर्थाचं तो 1920 साली जाहीरपणे बोलला होता. 1915 पासून केंद्र सरकारनेही या कामासाठी पगारी शिकारी नेमले होते. बंदूक, सापळे, विष. वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातला लांडगा जवळजवळ साफ झाला.

तर्क अगदी सरळ होता बघा. लांडगे हरणं खातात. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त. हरणं जास्त म्हणजे शिकाऱ्याला शिकार जास्त. एका व्हेरिएबलची व्हॅल्यू बदलली की आउटपुट त्या प्रमाणात बदलणार. यात चूक कुणाला दिसणार?

चूक दिसली ती काइबाबला. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडचं हे पठार. चहूबाजूंनी दरी आणि वाळवंट, त्यामुळे वरची हरणं अडकल्यासारखीच. 1906 साली थिओडोर रूझवेल्टने इथे अभयारण्य जाहीर केलं आणि हरणांच्या शिकारीवर बंदी आली. लांडगे आणि प्यूमा मारणं मात्र चालूच. (1913 मध्ये स्वतः रूझवेल्ट आपल्या दोन मुलांना, आर्ची आणि क्वेंटिनला, घेऊन तिथे प्यूमा मारायला आला होता. तीही कौटुंबिक सहलच.) पुढच्या तीसेक वर्षांत सरकारी शिकाऱ्यांनी त्या एका पठारावर आठशेच्या वर प्यूमा मारले, आणि कोयोटी कोल्हे हजारोंनी. लांडगे होते थोडेच, ते संपले.

हरणं वाढली. इतकी की उभं राहून तोंड पोचेल तितक्या उंचीपर्यंत प्रत्येक झाड ओरबाडलेलं दिसायला लागलं. 1920 नंतर धोक्याच्या सूचना यायला लागल्या, आणि 1924 मध्ये परिस्थिती हाताबाहेर गेली. यावर काय करायचं म्हणून जो गोंधळ झाला त्याच्यावर एक विनोदी चित्रपट निघू शकेल. वनखात्याने शिकारीला परवानगी दिली, तर ॲरिझोना राज्य म्हणालं, हरणं आमची आहेत, आणि खात्याच्या परवान्यावर शिकार करणाऱ्यांना त्यांनी अटक केली! हे भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1928 मध्ये केंद्र सरकारच्या बाजूने निकाल लागला. दुसरीकडे जॉर्ज मॅककॉर्मिक नावाच्या एका गृहस्थाने प्रस्ताव मांडला की मी हजारो हरणं गुरांसारखी हाकत नेतो, दरी उतरवून, कोलोरॅडो नदी पोहायला लावून, पलीकडच्या काठावर. दर हरणामागे अडीच डॉलर. 1924 च्या डिसेंबरमध्ये खरोखरच घोडेस्वार आणि घंटा वाजवणारे नवाहो हाकारे जमले. झेन ग्रे हा त्या काळचा तुफान खपाचा कादंबरीकारही हजर. बर्फाचं वादळ सुरू झालं, हाकारे पुढे गेले आणि हरणं त्यांच्या मधून उलटी मागे पळून गेली. पलीकडे पोचलेली हरणं: शून्य. ग्रेने तरीही त्यावर कादंबरी लिहिलीच.

त्या आणि पुढच्या हिवाळ्यात हजारो हरणं उपासमारीने मेली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण आकड्यांवर पोट भरणारी माणसं. काइबाबचा जो प्रसिद्ध ग्राफ आहे (चार हजारापासून एक लाखापर्यंत चढणारी रेघ आणि मग कडेलोट), तो कित्येक वर्षं बायॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकांतून छापला गेला. लिओपोल्डनेही 1943 मध्ये तो वापरला. पण तो एक लाखाचा आकडा आला कुठून? 1924 साली पठारावर आलेल्या वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे अंदाज केले होते. स्थानिक वनाधिकाऱ्याचा अंदाज होता तीस हजार. इतरांचे पन्नास, साठ, सत्तर हजार. सगळ्यात मोठा एक लाख. मोजणी कुणीच केली नव्हती. नंतरच्या माणसाने त्यातला कमाल आकडा घेऊन रेघ ओढली, त्याच्या नंतरच्याने तुटक रेघ अखंड केली, आणि तिसऱ्याने मूळ आकडे न पाहता ती छापली. ज्याने कुणी क्लायंटच्या प्रेझेंटेशनसाठी एक्सेलमधून चार्ट काढलाय त्याला हे कसं होतं ते समजावून सांगायला नको.

1970 साली ग्रॅम कॉघली या न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञाने ही सगळी गोष्ट उघडी पाडली. तो खरं तर आपल्या हिमालयातल्या थार या रानबकऱ्यावर काम करत होता. हा प्राणी 1904 साली न्यूझीलंडमध्ये शिकारीसाठी नेऊन सोडला होता, आणि तिथे त्याला खाणारं कुणी नसल्याने भरमसाट वाढला. कॉघलीने काइबाबचे मूळ आकडे तपासले आणि म्हणाला, हरणं किती वाढली ते यावरून सांगताच येत नाही, आणि वाढली असतील तर त्याचं कारण प्यूमा मारणं की मेंढ्या-गुरं कमी होऊन गवत शिल्लक राहणं, हेही नाही सांगता येत. झालं, पाठ्यपुस्तकांतून काइबाब गायब. मग 2006 मध्ये डॅन बिंकली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळीच युक्ती केली. हरणं मोजली नव्हती ना? मग झाडं मोजा. ॲस्पेनच्या खोडातल्या कड्या मोजून कुठल्या सालात किती रोपटी जगली ते काढलं. 1920 च्या आसपासच्या काळात नवी रोपटी जवळजवळ नाहीतच. म्हणजे कुणीतरी ती खात होतं. आकडा लाख होता की तीस हजार ते सोडा, पण गोष्टीचा गाभा बराचसा खरा होता.

मला विचाराल तर पाठ्यपुस्तकवाल्यांनी ही पूर्ण गोष्ट छापायला हवी होती, ग्राफसकट आणि ग्राफच्या भानगडीसकट. मुलांना त्यातून जास्त कळलं असतं.

असो. मूळ सहलीकडे येऊ.

1930 नंतर आल्डो विस्कॉन्सिनात स्थिरावला होता. शिकारीतही बदल झाला होता. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात घरात धनुष्यबाणाचं वेड शिरलं. नवरा-बायको दोघंही, आणि नेमबाजीत बायको नवऱ्याहून सरस. एस्टेला राज्य पातळीवरची विजेती होती. 1935 मध्ये आल्डो काही महिने जर्मनीला गेला. तिथली जंगलं कशी, तर रांगेत लावलेली एकसारखी स्प्रूसची झाडं, खालची जमीन साफ, शिकारी प्राणी एकही नाही, आणि हरणांना माणसं हिवाळ्यात चारा घालतायत. सगळं नीटनेटकं. आणि मेलेलं. पुढच्याच वर्षी, 1936 च्या सप्टेंबरात, तो एका मित्राबरोबर धनुष्य घेऊन मेक्सिकोत सिएरा माद्रेच्या रिओ गाविलान खोऱ्यात गेला. गाविलान म्हणजे स्पॅनिशमध्ये ससाणा.

सरहद्दीपासून हे खोरं फार दूर नाही. तोच डोंगर, तोच पाऊस, त्याच जातीची ओक आणि पाइनची झाडं, तीच पांढऱ्या शेपटीची छोटी हरणं. पण ॲरिझोनाच्या बाजूला गुरांनी उतार बोडके केले होते, पावसाचं पाणी घळी पाडत सुसाट खाली येत होतं. ब्लू नावाच्या नदीच्या खोऱ्यातली तर बहुतेक शेती पुरांनी वाहून नेली होती. आणि इकडे गाविलानमध्ये पाणी स्वच्छ, काठावर गवत, पाण्यात मासे. हरणं भरपूर, पण झाडं ओरबाडलेली नाहीत. लांडगे आणि प्यूमा दोन्ही शाबूत. लिओपोल्डला आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली, की डोंगरात कोयोटी नाहीत. अमेरिकेच्या बाजूला तर वाळवंटापासून शिखरापर्यंत कोयोटींचा सुळसुळाट होता आणि ते हरणांची पाडसं खातात म्हणून सगळे ओरडत होते. त्याने शंका काढली की, लांडगे होते तोवर तेच कोयोटींना वर येऊ देत नसतील का? म्हणजे एक उपद्रव मारला आणि त्याच्या जागी दुसरा आणून बसवला.

वर्षभराने तो भावाला आणि मुलाला घेऊन पुन्हा आला. हीच ती डिसेंबर 1937 ची सहल. हा भाऊही नेहमीचा सोबती, 1922 मध्ये दोघांनी कोलोरॅडो नदीच्या त्रिभुज प्रदेशात होडीतून असाच प्रवास केला होता. या मोहिमेची रोजनिशी पुढे दुसरा मुलगा लूना याने 1953 साली छापली. आणि 'साँग ऑफ द गाविलान' नावाच्या लेखात आल्डोने तिथल्या जेवणाचं जे वर्णन केलंय ते वाचून माझ्यासारख्या वरणभातवाल्यालाही क्षणभर थांबायला होतं. ओकची बोंडं खाऊन माजलेलं हरीण, तेही थंडीतच मारलेलं, आधी नाही, नंतर नाही. मग ते झाडाला टांगून आठवडाभर रात्रीचं हिव आणि दिवसाचं ऊन खाऊ द्यायचं, आणि मग अस्वलाच्या चरबीत तळायचं. त्याचं म्हणणं असं की त्या एका ताटात अख्खा डोंगर आहे, माती, पाऊस, ओक, हरीण, सगळा. पाककृतीच्या आडून तो खरं म्हणजे फूड चेन समजावून सांगतोय.

त्या उतारांवर त्याला दगडी बांध दिसले. लहान लहान ओढ्यांवर एकाखाली एक रचलेले, मागे माती साठून सपाट पट्टे झालेले. तिथे त्यांना 'त्रिंचेरा' म्हणतात. आपल्याकडे डोंगरउतारावर ताली घालतात ना, अगदी तेच काम. शेकडो वर्षांपूर्वी तिथे शेती करणाऱ्या लोकांनी ते बांधले होते. माणसं गेली, माती राहिली, आणि आता त्या पट्ट्यांवर हरणं लोळत होती.

लिओपोल्डने पुढे लिहून ठेवलंय की जमीन हा एक जिवंत देह आहे हे त्याला पहिल्यांदा नीट उमगलं ते गाविलानमध्ये. जन्मभर आपण आजारी जमीनच पाहत आलो, निरोगी जमीन दिसते कशी हेच माहीत नव्हतं. विचार करा, पन्नाशीचा माणूस, येलचा पदवीधर, अमेरिकेत या विषयाचा पहिला प्राध्यापक, आणि म्हणतोय की मला 'नॉर्मल' काय ते ठाऊक नव्हतं.

पण इथे माझी एक तक्रार आहे. हे खोरं निरोगी का राहिलं याचं कारण त्याने स्वतःच दिलंय. आधी अपाचेंच्या भीतीने तिथे कुणी वस्ती केली नाही. जेरोनिमो 1886 मध्ये शरण आला, पण काही अपाचे कुटुंबं त्या डोंगरात 1930 च्या दशकापर्यंत लपून राहत होती. मग 1910 ची मेक्सिकन क्रांती, पाँचो व्हियाच्या टोळ्या, 1912 मध्ये मॉर्मन वसाहतवाल्यांचं पळून जाणं, आणि शेवटी जागतिक मंदी. गुरं घेऊन वर जायची कुणाची हिंमत झाली नाही म्हणून गवत राहिलं. हे सगळं त्याला माहीत होतं, तरी तो त्या जागेला मूळ अवस्थेतली जमीन म्हणतो. आणि ते बांध? तिथे एके काळी गावं होती, शेतं होती. म्हणजे ही माणसाचा स्पर्श न झालेली जमीन नव्हती, माणसं हाकलली गेल्यानंतर शांत पडलेली जमीन होती. जमिनीला बरं वाटलं, पण त्याची किंमत अपाचेंनी मोजली, हे वाक्य मला त्याच्या लिखाणात हवं होतं.

त्याने मोजलेली स्वतःची किंमत मात्र त्याने शेवटी लिहिली, आणि तीही कुणीतरी मागे लागल्यावर. आल्बर्ट हॉकबॉम हा त्याचा जुना विद्यार्थी, चांगला चित्रकारही. लिओपोल्डच्या लेखांचं पुस्तक करायचं चाललं होतं आणि हॉकबॉम चित्रं काढणार होता. 1943-44 च्या पत्रव्यवहारात हॉकबॉमने त्याला स्पष्ट सांगितलं की तुम्ही इतरांनी केलेल्या नाशाबद्दल लिहिता, पण तुम्हीही एके काळी लांडग्यांच्या विरोधात होतात, ते कुठेच येत नाही. गुरूला असं लिहायला धाडस लागतं. (आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये आर्किटेक्टला प्रश्न विचारायला लोक तीन वेळा ड्राफ्ट करतात.) लिओपोल्डने आधी टाळाटाळ केली, आणि मग 1944 च्या एप्रिलमध्ये 'थिंकिंग लाइक अ माउंटन' हा लेख लिहिला. ती लांडगी, ती हिरवी आग, सगळं त्यात आहे. हरीण जसं लांडग्याला भिऊन जगतं तसा डोंगर आपल्या हरणांना भिऊन जगतो, हा विचारही त्यातलाच.

हे लिहिलं तेव्हा तो विस्कॉन्सिनात दुसऱ्या एका हरीण-युद्धात अडकला होता. तिथेही लांडगे संपत आलेले, हरणं फार झालेली. 1943 मध्ये त्याच्या पाठिंब्याने माद्यांच्याही शिकारीला परवानगी मिळाली आणि त्या हंगामात सव्वा लाखावर हरणं मारली गेली. लोक खवळले. त्याच्याविरुद्ध छापण्यासाठी एक वर्तमानपत्रच निघालं. ज्यांना तो 'हरणं वाचवा' म्हणून ओळखीचा होता, त्यांना तो 'हरणं मारा' का म्हणतोय ते कळेना. सांगायचं तरी कसं, की कोवळी रोपटी संपली की मग हरणंही उपाशी मरतील? बंदुकीने मेलेलं हरीण दिसतं, भुकेने मेलेलं बर्फाखाली जातं.

14 एप्रिल 1948 ला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक स्वीकारल्याचं कळवलं. 21 एप्रिलला शेजाऱ्याच्या शेतात गवताला आग लागली, ती विझवायला गेलेला लिओपोल्ड तिथेच हृदयविकाराने गेला. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' 1949 मध्ये निघालं. न्यू मेक्सिको-ॲरिझोनातून लांडगा नाहीसा करण्यात माझा हात होता, असं साफ सांगणारी प्रस्तावना त्याने 1947 मध्ये लिहिली होती. तिच्या जागी छोटी दुसरी आली, आणि ती पहिली थेट 1987 मध्ये छापली गेली.

शिकारीला नेलेला मुलगा स्टार्कर स्वतः नावाजलेला वन्यजीवशास्त्रज्ञ झाला. राष्ट्रीय उद्यानं कशी सांभाळायची यावरचा 1963 चा अमेरिकन अहवाल त्याच्याच नावाने ओळखला जातो. (पाच भावंडांतली तिघं, स्टार्कर, लूना आणि धाकटी एस्टेला, अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडली गेली. आमच्या चाळीत एक जण इस्रोत लागला तर पेढे वाटले होते.) वडील गेले त्याच वर्षी, 1948 मध्ये, स्टार्कर पुन्हा गाविलानला गेला. डोंगरात रस्ता पोचला होता. लाकूडतोड सुरू झाली होती, गुरं वर चढली होती. परत येऊन त्याने लेख लिहिला, त्याचं नाव 'आदिओस, गाविलान'.

लांडग्यांचं म्हणाल तर मेक्सिकन लांडगाही नंतर संपत आला. 1977 ते 1980 या काळात रॉय मॅकब्राइड या सापळेवाल्याने, ज्याने आयुष्यभर लांडगे मारण्यासाठी पकडले होते, मेक्सिकोतून पाच लांडगे जिवंत पकडून दिले. बंदिवासातले आणखी काही मिळून सात जणांपासून वंश वाढवला. 1998 च्या मार्चमध्ये त्यातले अकरा ॲरिझोनात ब्लू नदीच्या परिसरात सोडले. अपाचे वनातच, लिओपोल्डने गोळी झाडली तिथून जवळच. काही महिन्यांत त्यातले अनेक गोळ्या लागून मेले. मग आणखी सोडले. 2024 च्या अखेरीस ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको मिळून किमान 286 मोजले गेले. यावेळी खरंच मोजले, विमानातून आणि जमिनीवरून. गुरंवाल्यांचं आणि त्यांचं भांडण अजून चालूच आहे.